मुंबईत नोकरी लागली, घर कुठे बघायचं? ठाणे ते विरार, बदलापूर ते पनवेल: नव्या माणसासाठी मार्गदर्शक

‘ठाणं बरं की नवी मुंबई?’ ‘बदलापूरला स्वस्त मिळतंय, घेऊ का?’ मुंबईत नव्यानं नोकरीला आलेला माणूस हे प्रश्न विचारतो आणि समोरचा आपण राहतो त्या गावाचं नाव सांगून मोकळा होतो. पक्का डोंबिवलीकर तुम्हाला डोंबिवलीच सांगणार. वसईवाला वसईची हवा सांगेल, विरार फास्टच्या गर्दीबद्दल गप्प बसेल. नेरुळला राहणारा रुंद रस्त्यांचे फोटो दाखवेल.

या सगळ्या गावांची तुलना करता येते, पण तिचा एक क्रम आहे. आधी ऑफिसचा पत्ता, मग रेल्वेची लाइन, मग स्टेशन, मग स्टेशनपासूनचं अंतर, मग पाणी आणि कागद, आणि सगळ्यात शेवटी भाडं. बहुतेक लोक भाड्यापासून सुरुवात करतात, म्हणून वर्षभरात घर बदलतात. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः मुंबईबाहेर, पण मुंबईच्या ओढीत असलेल्या गावांबद्दल आहे. दादर-पार्ल्यात परवडत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

१. लाइन ठरवा

मुंबईच्या लोकलचे मुख्य मार्ग तीन. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून अंधेरी, बोरिवली, मीरा रोड, वसई, विरार आणि पुढे डहाणूपर्यंत जाते. मध्य रेल्वे सीएसएमटीहून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) दादर, ठाणे, डोंबिवली करत कल्याणला पोचते. तिथे तिचे दोन फाटे होतात: एक अंबरनाथ, बदलापूरवरून कर्जत-खोपोलीला, दुसरा टिटवाळा, आसनगाववरून कसाऱ्याला. हार्बर लाइन सीएसएमटीहून कुर्ला, वाशी, बेलापूर करत पनवेलला जाते. याशिवाय ठाण्याहून ऐरोली, घणसोलीवरून वाशी आणि पनवेलला जाणारी ट्रान्स-हार्बर आहे. नव्या लोकांच्या ती लक्षातच येत नाही, आणि नवी मुंबईतल्या आयटी कंपन्यांत नोकरी असेल तर तीच सगळ्यात कामाची.

नियम एकच ठेवा: घरातून निघाल्यावर लोकल शक्यतो बदलावी लागू नये. बदलावी लागलीच तर एकदाच. सकाळी नऊ वाजता दादरच्या पुलावरून मध्य रेल्वेतून पश्चिम रेल्वेत जाणं नकाशावर दोन मिनिटांचं दिसतं. ती दोन मिनिटं रोज सकाळ-संध्याकाळ, पावसाळ्यात ओल्या छत्र्यांसकट चालून बघा.

आता ऑफिसनुसार. फोर्ट, नरिमन पॉइंटकडे जायचं असेल तर तिन्ही लाइनी चालतात. लोअर परळ-वरळी भागात असेल तरी निवड मोकळी आहे: पश्चिमेला लोअर परळ आणि प्रभादेवी, मध्यला परळ आणि करी रोड. मालाड, गोरेगाव, कांदिवलीत ऑफिस असेल तर पश्चिम रेल्वेशिवाय दुसरा विचार करू नका; मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई बघा. पवईला जाणाऱ्यांनी कांजूरमार्ग किंवा विक्रोळीला उतरता येईल असं, म्हणजे मध्य रेल्वेवर, घर घ्यावं. अंधेरी पूर्व, मरोळ, सीप्झसाठी पश्चिम रेल्वेवरून अंधेरीला उतरून मेट्रो मिळते. मध्य रेल्वेवाल्यांना घाटकोपरहून तीच मेट्रो आहे. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाल्यापासून ठाणे-डोंबिवलीत राहून अंधेरीत नोकरी करणं माणसात आलं, नाहीतर आधी त्यासाठी दादरला वळसा किंवा बसचे हाल होते. बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाला, मध्य रेल्वेवाले कुर्ल्याला उतरतात, पश्चिमवाले वांद्र्याला, आणि दोन्हीकडे बाहेर शेअर रिक्षाची रांग असते. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो २०२५ मध्ये पूर्ण झाली आणि तिला बीकेसीत स्टेशन आहे. तुमचं ऑफिस त्या स्टेशनपासून चालण्याच्या अंतरावर आहे का, एवढं मात्र बघा, कारण बीकेसी मोठं आहे.

ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे इथे नोकरी असेल तर तुम्ही नशीबवान आहात. ठाणे, कळवा, कोपरखैरणे, नेरुळ, खारघर यातलं काहीही चालेल आणि मुंबईच्या मुख्य गर्दीत शिरावंच लागणार नाही.

नकाशा इथे फसवतो, हे आणखी एक ध्यानात ठेवा. मीरा रोड आणि ठाणं नकाशावर शेजारी आहेत, पण मधे थेट लोकल नाही. घोडबंदर रस्ता आहे, आणि गायमुखच्या चढावर एखादा ट्रक बंद पडला की तो रस्ताही नाही. वसई-दिवा-पनवेल असा रेल्वेमार्ग आहे, त्यावर प्रवासी गाड्या मोजक्या. त्या भरवशावर वसईत राहून पनवेलला नोकरी करायचं मनात आणू नका.

२. स्टेशन निवडा

अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. सीएसएमटीपासून डोंबिवली ४८ किलोमीटर आणि पनवेल ४९, जवळजवळ सारखंच. पण डोंबिवलीची फास्ट, म्हणजे मोजक्याच स्टेशनांवर थांबणारी लोकल, साधारण सव्वा तासाच्या आत पोचवते, आणि हार्बरला जलद मार्गिकाच नसल्यानं पनवेलची गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबत एक तास वीस मिनिटांच्या आसपास घेते. ठाणं ३४ किलोमीटरवर आहे. १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघून इथेच आली होती. आज फास्टनं पाऊण तास, स्लोनं तासभर धरा. कल्याण ५४, बदलापूर ६८, विरार चर्चगेटहून ६०. कल्याणच्या पुढे सगळ्या गाड्या सगळीकडे थांबतात, त्यामुळे बदलापूरकराचा दीड तास कमी होत नाही.

म्हणून प्रत्येक स्टेशनला तीन प्रश्न विचारा.

पहिला: इथे फास्ट थांबते का? ठाणे, डोंबिवली, कल्याण इथे थांबते. कळवा, कोपर, ठाकुर्ली ही धीम्या गाड्यांची स्टेशनं, म्हणून तिथे घर थोडं स्वस्त. ऑफिस विक्रोळी-कांजूरला असेल तर तुम्हाला तसंही स्लोनंच जायचंय. मग फास्ट थांब्याचे जास्तीचे पैसे कशाला मोजायचे?

दुसरा: इथून गाडी सुटते का? हा प्रश्न ब्रोकर कधीच काढत नाही आणि रोजच्या जगण्यात सगळ्यात जास्त फरक याच गोष्टीनं पडतो. ठाणे, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, भाईंदर, वसई, विरार, बेलापूर, पनवेल इथून सुटणाऱ्या लोकल आहेत. सुटणाऱ्या गाडीत बसायला मिळतं. दीड तास बसून जाणारा बदलापूरकर पाऊण तास दारात लोंबकळणाऱ्यापेक्षा ताजातवाना ऑफिसात शिरतो, हे ऐकायला उलटं वाटलं तरी खरं आहे. मात्र तुमच्या वेळेला ती गाडी असली पाहिजे. वेळापत्रकाच्या अॅपवर ८ ते ९ मधल्या सुटणाऱ्या गाड्या मोजा. दोनच असतील तर एक चुकल्यावर काय, ते ठरवून ठेवा.

तिसरा: गाडी येते तेव्हा ती आधीच भरलेली असते का? दिवा आणि मुंब्रा इथे हा प्रश्न जीवघेणा आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात उभे असलेले प्रवासी खाली पडून जिवाला मुकले. दिव्यात घर स्वस्त असण्यामागे जी कारणं आहेत, त्यात हे एक. पश्चिमेला विरार फास्टचा वेगळाच कायदा आहे: त्या गाडीत बोरिवलीला उतरायला गेलात तर विरारकर वाट देतीलच असं नाही. बोरिवलीपर्यंत जायचं असेल तर बोरिवलीचीच लोकल पकडायची, हे पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या.

एक जुनी युक्तीही आहे. मधल्या स्टेशनवरचे लोक उलट दिशेनं शेवटच्या स्टेशनापर्यंत जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात. याला ‘रिटर्न येणं’ म्हणतात. करणार असाल तर पास तिथपर्यंतचा काढा, नाहीतर टीसीला सांगायला काही राहत नाही.

बायकांनी लेडीज डब्याची गर्दी वेगळी बघावी. लेडीज स्पेशल गाड्या काही ठिकाणांहूनच आणि ठरावीक वेळेलाच आहेत, आणि जनरल डब्यावरून लेडीजचा अंदाज बांधता येत नाही. तिथे रोज प्रवास करणाऱ्या बाईलाच विचारावं.

३. स्टेशन ते घर

जाहिरातीत ‘स्टेशनपासून ५ मिनिटं’ असतं ते रविवारी सकाळी सहा वाजता गाडीनं. घर बघायला म्हणूनच रविवारी जाऊ नका. ब्रोकर रविवारीच बोलावतो, कारण त्या दिवशी रस्ते रिकामे असतात. शिवाय रविवारी दुरुस्तीसाठी काही मार्गिका बंद ठेवतात, मध्य आणि हार्बरवर त्याला मेगाब्लॉक म्हणतात, पश्चिमेवर जम्बो ब्लॉक, त्यामुळे गाडीचाही खरा अंदाज येत नाही. मंगळवार-बुधवार गाठा. रजा टाकावी लागली तरी टाका. संध्याकाळी सातच्या सुमारास स्टेशनवर उतरा आणि त्या घरापर्यंत जसे रोज जाल तसे जा.

खर्चाचा हिशेब इथेच पालटतो. लोकलचा सेकंड क्लासचा पास काही शे रुपयांत महिना काढतो. पण समजा शेअर रिक्षा सीटमागे २० रुपये घेते, तर महिन्याचे २६ दिवस जाऊन-येऊन १,०४० रुपये झाले, आणि नवरा-बायको दोघं नोकरीला असतील तर २,०८०. म्हणजे स्टेशनलगत २,००० रुपये जास्त भाड्याचं घर त्याच किमतीत पडतं, आणि रांगेत उभं राहणं वाचतं. रात्री अकरानंतर शेअर रिक्षा मिळत नाही तेव्हाचे पैसे यात धरलेले नाहीत.

ईस्ट-वेस्ट हे या गावांत दोन वेगळी गावं असल्यासारखं आहे. वसई पश्चिमेला वाड्या, झाडं, जुनी घरं, किल्ला. वसई पूर्वेला वालीवपर्यंत गाळे आणि कारखाने. डोंबिवली पूर्वेला फडके रोड, गणेश मंदिर, बाजार. पश्चिमेला खाडीच्या अंगानं वाढलेली वस्ती. कल्याण पश्चिमेला जुनं शहर आणि एसटी स्टँड. तेव्हा नुसतं ‘डोंबिवलीत घर आहे’ एवढं ऐकून हो म्हणू नका, कुठल्या बाजूला ते विचारा.

लोकलपासून लांब असलेल्या मोठ्या गृहसंकुलांबद्दल माझं मत कडक आहे. घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीच्या पुढे, किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर काटई नाक्याच्या आसपास, तलाव-जिम-बाग सगळं मिळतं. पण ठाणे किंवा डोंबिवली स्टेशन गाठायलाच गर्दीच्या वेळी लोकलच्या निम्मा वेळ जातो. घरून काम असेल, किंवा ऑफिस ठाण्यातच असेल, तर ही संकुलं उत्तम आहेत. फोर्टला रोज जाणाऱ्यानं त्यांच्या वाटेला जाऊ नये. ‘मेट्रो येतेय’ हे उत्तर दिलं जाईल. घोडबंदरवर मेट्रोचे खांब गेली कित्येक वर्षं लोक बघतायत. जी मेट्रो आज चालते तिचाच हिशेब धरा.

४. गावं, एकेक करून

ठाणे. सगळं आहे: फास्ट, ट्रान्स-हार्बर, तलाव, गडकरी रंगायतन, इस्पितळं, शाळा. म्हणून महाग. नौपाडा, पाचपाखाडीत भाडं मुलुंडएवढंच असतं. कमी बजेट असेल तर कळवा बघा. खाडी ओलांडली की भाडं उतरतं आणि ठाणं एका स्टेशनवर राहतं. कळवा, मुंब्रा, दिवा भागात वीज महावितरणच्या वतीनं टोरंट ही खासगी कंपनी पुरवते, त्यामुळे बिलावर वेगळं नाव दिसलं तर दचकू नका.

डोंबिवली-कल्याण. नोकरदार मराठी कुटुंबाला घरच्यासारखं वाटेल अशी जागा. वाचनालयं, नाटकं, पोळीभाजी केंद्रं, क्लासेस. पाडव्याची शोभायात्रा इथूनच सुरू झाली आणि मग महाराष्ट्रभर पसरली. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचं आहे. दोघंही नोकरीला असतील तर पोळीभाजी केंद्राचं महत्त्व कमी लेखू नका. संध्याकाळी साडेआठला घरी पोचून पोळ्या लाटाव्या लागत नाहीत, हे मोठं सुख आहे. तोटे तितकेच ठळक: अरुंद रस्ते, मीटरनं जायला नाखूश रिक्षा, आणि डोंबिवली पूर्वेला एमआयडीसी. त्याबद्दल पुढे. कल्याणचा एक फायदा लोक विसरतात. नाशिक, जळगाव, नागपूर, पुणे, सोलापूरकडच्या बऱ्याच लांब पल्ल्याच्या गाड्या इथे थांबतात. महिन्यातून एकदा गावी जाणाऱ्याला दादरपर्यंत बॅगा ओढत जावं लागत नाही.

अंबरनाथ-बदलापूर. मध्य रेल्वेवर स्वस्त आणि तरी नीट राहता येईल अशी गावं. हवा मोकळी, डोंगर जवळ, सुटणाऱ्या गाड्या. मोबदला म्हणून दिवसाचे तीन तास रेल्वेला. इथे महापालिका नाही, नगरपरिषदा आहेत, आणि वाढीचा वेग त्यांना झेपलेला नाही. घरात लहान मूल असेल आणि दोघंही मुंबईत नोकरी करत असतील तर मूल सांभाळायला आजी-आजोबा येणार आहेत का, हे ठरल्याशिवाय बदलापूर घेऊ नका.

मीरा रोड-भाईंदर. पश्चिम उपनगरात ऑफिस असेल तर अंतराच्या मानानं सगळ्यात सोयीचं. वस्ती दाट, भाषा मिसळलेली. काही सोसायट्यांत घर दाखवण्याआधीच ‘नॉनव्हेज खाता का’ हे विचारलं जातं. बॅचलर असाल तर तेही विचारलं जाईल, आणि हे फक्त इथे नाही. उत्तर फोनवरच देऊन टाका, फेरी वाचते.

वसई-विरार. वसई पश्चिम आणि नालासोपारा पूर्व यांची तुलना एका नावाखाली करणं चूक आहे. पहिल्या ठिकाणी शांतता विकत मिळते. दुसऱ्या ठिकाणी मुंबईत कुठेही मिळणार नाही इतक्या स्वस्तात छप्पर मिळतं, पण इमारतीचे कागद बघितल्याशिवाय पाऊल टाकू नये. विरारला सुटणाऱ्या गाड्या भरपूर.

नवी मुंबई. हे नाव सैल वापरलं जातं. ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर हे नवी मुंबई महापालिकेत. तिचं स्वतःचं मोरबे धरण आहे आणि पाण्याच्या बाबतीत या सगळ्या यादीत ती निश्चिंत. खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा, नवीन पनवेल हे पनवेल महापालिकेत येतात, जी २०१६ मध्ये झाली. उलवे, द्रोणागिरी आणखी वेगळे. ब्रोकर सगळ्याला नवी मुंबईच म्हणतो. वाशी-नेरुळला सिडकोची (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) जुनी, लहान, तुलनेनं परवडणारी घरं मिळतात. कोपरखैरणे, घणसोलीत माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे, साताऱ्याकडच्या माणसाला तिथे पहिल्याच दिवशी ओळखीचं कुणी भेटेल. खारघर-तळोजा भागात बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून धावते. उलव्यात सध्या बोलबाला विमानतळाचा आणि अटल सेतूचा. सेतूमुळे शिवडी खरंच जवळ आली, पण मोटार असेल तर. दुचाकीला तिथे प्रवेश नाही, आणि टोल रोज भरायचा तर भाड्यात वाचलेले पैसे तिथेच जातात. वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसर या मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर मात्र ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल नाही.

पनवेल. कोकण, पुणे, सातारा, कोल्हापूरकडे पळायला सगळ्यात चांगली जागा. एसटी आणि कोकण रेल्वे दोन्ही. मुंबईच्या दक्षिण टोकाला रोज जायचं असेल तर दमणूक.

५. पाणी, पाऊस, हवा

फ्लॅट बघताना लोक नळ उघडून बघतात. त्यानं टाकी भरलेली आहे एवढंच कळतं. वॉचमनला विचारा: पाणी किती वाजता येतं, किती वेळ, टँकर येतो का, मे महिन्यात किती येतात. सेक्रेटरीपेक्षा वॉचमन खरं सांगतो, कारण पंप तोच चालू करतो. मेंटेनन्सच्या पावतीत टँकरचा वेगळा आकार दिसला तर समजून जा. दिवा, घोडबंदरचा काही भाग, कल्याण-डोंबिवलीत मागाहून सामील झालेली २७ गावं, खारघर-तळोज्याचे नवे सेक्टर इथे हा प्रश्न आवर्जून विचारावा. वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला सूर्या धरणाचं पाणी आणणारी योजना आहे. तरीही तुमच्या गल्लीत ते किती वेळ येतं, हेच महत्त्वाचं.

पाऊस. शक्य असेल तर घर जुलैत ठरवा, किंवा निदान जुलैबद्दल विचारा. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर इतकं पाणी साचलं की पश्चिम रेल्वे विरारच्या बाजूला ठप्प झाली आणि वसईच्या कॉलन्यांत दिवसेंदिवस पाणी राहिलं. पुढच्याच वर्षी २७ जुलैला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे अडकली. नदीकाठच्या इमारतीत तळमजला घेऊ नये. पहिल्या मजल्यावरही पार्किंगच्या खांबावर पुराची रेघ कुठे आहे ते बघून घ्या. रंग मारला असेल तर किराणा दुकानदाराला विचारा, त्याच्या गोणी भिजलेल्या असतात, तो विसरत नाही.

हवा. डोंबिवली एमआयडीसीच्या निवासी भागात घरं प्रशस्त आणि रस्ते रुंद आहेत, पण शेजारी रासायनिक कारखाने आहेत. २३ मे २०२४ ला तिथे झालेल्या स्फोटात माणसं गेली आणि आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या. तळोजा एमआयडीसीचा वास रात्री उशिरा आणि पहाटे खारघर-कळंबोलीच्या काही भागांत येतो. दुपारी घर बघणाऱ्याला तो कळत नाही. रात्री दहानंतर एक चक्कर मारा.

६. भाड्यानं घेताना

आधी भाड्यानंच राहा. एक पावसाळा आणि एक मे महिना काढल्यावर कुठलं गाव आपलं, ते ठरवायला सोपं जातं.

करार लिव्ह अँड लायसन्सचा, बहुधा ११ महिन्यांचा. ‘११ महिन्यांचा असल्यानं नोंदणी लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर ते महाराष्ट्रात चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदला नाही तर वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. मालकाला हे सांगून बघा, नोंदणीचा कंटाळा लगेच जातो.

खर्च फार नाही. भाडं १८,००० आणि डिपॉझिट ५०,००० असेल तर ११ महिन्यांच्या करारावर ०.२५ टक्के दरानं मुद्रांक शुल्क साधारण ५०० रुपये होतं. नोंदणी फी महापालिका क्षेत्रात १,०००. ऑनलाइन नोंदणी घरी बसून अंगठा देऊन होते. एजंट याचे कितीतरी जास्त सांगतात, त्यात त्यांची फी किती ते वेगळं विचारा. ब्रोकरची दलाली रूढ म्हणून एक महिन्याचं भाडं. करार वाढवताना पुन्हा मागतात, तेव्हा नाही म्हणता येतं.

सोसायटी तुमच्याकडून ‘भाडेकरूचा जादा आकार’ मागत असेल तर तो मालकाचा विषय आहे. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्यानं देतो त्याचा आकार, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही आणि ते सभासदानं भरायचं असतं. करारात ‘मेंटेनन्स मालकाकडे’ हे दोन शब्द लिहून घ्या. वीजबिलाची थकबाकी नसल्याची शेवटची पावतीही मागा.

७. विकत घेताना

इथे घाई केलेल्यांची फळं सगळ्या पेपरांत छापून आली आहेत. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींना महापालिकेच्या बनावट परवानग्यांवर महारेराचा (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक मिळाला होता; २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडायला सांगितलं. नालासोपारा पूर्वेला २०२५ च्या सुरुवातीपर्यंत ४१ इमारती पाडल्या, ती जमीन कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव होती. त्या घरांत हप्ते भरणारी माणसं राहत होती.

तेव्हा महारेराचा क्रमांक दिसला म्हणून थांबू नका. संकेतस्थळावर प्रकल्प उघडा, त्यातलं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र डाउनलोड करा, त्यावरचा क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात ते खरं आहे का विचारा. तोंडी उत्तर मिळालं तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात, ते हवंच. ‘ओसी येईल’ म्हणणाऱ्या बिल्डरला ‘आली की येतो’ म्हणावं. जुन्या इमारतीत मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरनं टाळलं तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं, झालंय का बघा. जमीन अजून बिल्डरच्या नावावर असेल तर पुनर्विकासाच्या वेळी अडचण येते. नवी मुंबईत सिडकोची जमीन भाडेपट्ट्यानं दिलेली असते, त्यामुळे हस्तांतरण शुल्क कोण भरणार ते आधी ठरवा. आणि गावठाणातल्या इमारतींत स्वस्त फ्लॅट मिळाला, तर बँकेत जाऊन नुसती चौकशी करा. दोन मोठ्या बँका कर्ज नाही म्हणाल्या, तर कागद तपासायची तुमची मेहनत त्यांनी वाचवली.

पनवेल महापालिकेच्या हद्दीत मालमत्ता कराच्या जुन्या मागणीवरून बरीच वर्षं वाद चालू आहे. विकणाऱ्याकडून कराच्या भरलेल्या पावत्या मागा, आणि मागची थकबाकी निघाली तर ती त्यानं भरायची, हे खरेदीखतात लिहून घ्या.